गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर

मुंबईहून हावड्याकडे जाणारी आगगाडी नागपूर मागे टाकते, गोंदिया ओलांडते, आणि मग रुळांच्या दोन्ही अंगांना राने सुरू होतात. डोंगरगडच्या टेकडीवरचे बम्लेश्वरीचे देऊळ दिसले की आपण छत्तीसगडात आलो असे समजावे. पुढे राजनांदगाव लागते. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत कवी म्हणून मान्यता पावलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून येथील दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत नाव मिळवावे, हे या सीमाभागाच्या स्वभावाला धरूनच झाले. दुर्ग गेले, भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी गेली, आणि गाडी रायपूरच्या फलाटाला लागली.

वाचकहो, प्रवासवर्णनात देवळे, तळी आणि बाजार यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. या वेळी आपणांस एका निराळ्या कामासाठी बरोबर न्यावयाचे आहे. रायपूरपासून काही कोसांवर, पूर्वी भातखाचरे होती तेथे, एक नवी राजधानी उभी राहत आहे. तिचे नाव नवा रायपूर. रस्ते, मंत्रालये, विद्यापीठे, उद्याने सारे आखून-रेखून, नव्याने. जेथे सारेच नव्याने बांधावयाचे असते, तेथे मुलांच्या शिक्षणासंबंधीचा एक जुना प्रश्न नव्याने विचारता येतो : मुलाला शिकावेसे वाटते ते कशामुळे? इमारतीमुळे, गुरुजींमुळे, सोबत्यांमुळे, की घरामुळे? आपल्या घरातील एखादे मूल सकाळी दप्तर उचलताना तोंड वाकडे करीत असेल, तर हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, तो आपलाही आहे.

बुढा तलावाच्या काठी

नव्या नगरीकडे जाण्यापूर्वी जुन्या रायपुरात क्षणभर थांबू. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. मराठी कुटुंबे तेव्हापासून येथे नांदत आली. त्यांचे महाराष्ट्र मंडळ आजही गजबजलेले असते. शहराच्या मध्यभागी बुढा तलाव आहे. आता त्यास विवेकानंद सरोवर म्हणतात, आणि पाण्याच्या मध्यभागी स्वामीजींचा भव्य पुतळा बसविला आहे.

या नावामागे एक शाळेची, किंबहुना शाळा नसल्याची, कथा आहे. १८७७ साली वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात राहावयास आले आणि त्यांचे कुटुंबही येथे आले. थोरला मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. रायपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला नव्हता. प्रवासाचा पुष्कळसा भाग मध्य प्रांतातील अरण्यांतून बैलगाडीने करावा लागला. चरित्रकार सांगतात की, त्याच्याजोगी शाळा त्या वेळी रायपुरात नव्हती. मग मुलाचे शिक्षण थांबले काय? मुळीच नाही. वडील घरी आलेल्या विद्वानांशी वाद-संवाद करीत आणि मुलाला त्यात बसवून घेत. त्याचे मत विचारीत, खोडून काढीत, त्याने आपले मत पुराव्याने मांडावे असा आग्रह धरीत. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले. मधली दोन वर्षे शाळेविना गेलेली असूनही नरेंद्र प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

शाळा नसली तरी चालते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. प्रत्येक घरी विश्वनाथ दत्त नसतात आणि प्रत्येक मूल नरेंद्र नसते. परंतु एक गोष्ट मात्र खरी की, ज्या जागी मुलाच्या बोलण्याला किंमत असते, ती जागा त्याचा वर्ग होते. मग तिला छप्पर कोणाचेही असो.

याच रायपुरात शिकून मोठे झालेले दुसरे एक गृहस्थ म्हणजे माधवराव सप्रे. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी माणसाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला. मुलींनी शिकावे म्हणून त्यांनी रायपुरात जानकीदेवी पाठशाळेसाठी खटपट केली. मुलीला शिकावेसे वाटण्यासाठी आधी तिच्यासाठी एक बाक मोकळा असावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

नव्या नगरीचे दर्शन

आता नव्या रायपुराकडे वळू. वाटेवर मानाचा विमानतळ लागतो. त्यालाही स्वामी विवेकानंदांचेच नाव आहे. मग रस्ता एकाएकी रुंद होतो. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, सायकलींसाठी निराळी वाट, आणि मधून मधून अजूनही हिरवी भातखाचरे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्मास आले. २०१२ च्या अखेरीस राज्याचे मंत्रालय येथे आले. मंत्रालयाच्या इमारतीचे नाव महानदी भवन, आणि संचालनालयांच्या इमारतीचे इंद्रावती भवन. नद्यांची नावे सचिवालयास देणारे राज्य पाहून बरे वाटते. २०१८ साली अटलबिहारी वाजपेयींच्या निधनानंतर नगरीच्या नावास ‘अटल नगर’ हे शब्द जोडले गेले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्यास २५ वर्षे झाली त्या दिवशी, नव्या विधानसभा-भवनाचे उद्घाटन झाले.

विद्येची मंदिरेही येथे थोडी नाहीत. उपरवारा गावाजवळ हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. भारताचे सरन्यायाधीश आणि पुढे उपराष्ट्रपती झालेले न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला रायपूरच्याच सरकारी हायस्कुलात शिकले आणि १९२२ नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. भारतीय प्रबंध संस्था आणि माहिती-तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्थाही येथेच आहेत. काचेच्या भिंती, शीत हवेची सोय, उतरत्या पायऱ्यांची व्याख्यानगृहे यांची त्यांत उणीव नाही.

परंतु या नगरीच्या नकाशात जुनी गावेही आहेत. राखी, उपरवारा, नवागाव अशी त्यांची नावे. नगर त्यांच्या भोवती वाढत आहे. गावाचे तळे, गुडी म्हणजे ग्रामदेवतेचे स्थान, आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही जेथल्या तेथे आहेत. ज्या बापाने याच मातीत भात लावला, त्याचे मूल आज शाळेच्या ओसरीवरून उंच इमारती पाहते. त्या इमारतींत आपण एक दिवस बसू, असे त्याला वाटेल काय? की त्या आपल्यासाठी नाहीतच, असे वाटेल? नव्या रायपुरातील शिक्षणाचा खरा पेच येथे आहे. आणि त्याचे उत्तर त्या उंच इमारतींपेक्षा गावच्या बैठ्या शाळेच्या वर्गात अधिक ठरावयाचे आहे.

उजेड, वारा आणि ऊन

प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहू. रायपूरचा उन्हाळा कडक असतो. वैशाखात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाकडून नऊचा पाढा ऐकावयाचा म्हणजे त्याच्यावर अन्यायच. अमेरिकेत सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे गुण तपासून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शाळेत थंड हवेची सोय नसेल, तर वर्षाचे सरासरी तपमान एक फॅरनहाइट अंशाने वाढले असता त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटते, असे त्यात आढळले. म्हणजे ‘उन्हाने डोके चालत नाही’ हे मुलाचे गाऱ्हाणे नेहमीच सबब नसते.

इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्ग आणि ३,७६६ मुले यांचा अभ्यास मांडला. एका वर्षातील मुलांच्या प्रगतीत जो फरक पडतो, त्यापैकी सुमारे १६ टक्के फरक वर्गखोलीच्या रचनेशी निगडित आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातही सुमारे निम्मा वाटा उजेड, हवा व तपमान या तीन साध्या गोष्टींचा होता. उरलेला वाटा दोन प्रकारच्या गोष्टींचा : वर्ग मुलांना आपला वाटतो की नाही, तेथील मांडणी कामाप्रमाणे बदलता येते की नाही, आणि भिंतींवरचे रंग व चित्रे प्रमाणात आहेत की नाहीत. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. कोऱ्या भिंती वाईट, तशाच तक्ते आणि झिरमिळ्या यांनी खच्चून भरलेल्या भिंतीही वाईट. मुलाच्या नजरेला विसावा हवा असतो.

आपल्या जुन्या घरांना हे शास्त्र न शिकता ठाऊक होते. छत्तीसगडी घरात खपरा म्हणजे कौले, पुढे परछी म्हणजे आपली ओसरी, मागे बारी म्हणजे परसबाग. ओसरीमुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही, कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, आणि परसातल्या झाडांवरून आलेला वारा थंड असतो. समोरासमोर दोन खिडक्या, दक्षिण-पश्चिमेला एखादे कडुलिंबाचे किंवा आंब्याचे झाड आणि रुंद ओसरी, एवढ्यावर साध्या शाळेचा वर्गही चार अंशांनी सुखाचा करता येतो. हे काम खर्चाचे नाही, लक्ष देण्याचे आहे.

शेवटचे बाक

येथे स्वतःविषयी थोडे सांगण्याची परवानगी असावी. मी लहानपणी ज्या शाळेत गेलो, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा शाळा तेव्हा गावोगाव होत्या. वर्गाला एकच खिडकी होती आणि ती फळ्याच्या समोर होती. दुपारी तिच्यातून येणारी उन्हाची तिरीप नेमकी फळ्यावर पडे, आणि शेवटच्या बाकावरून पांढरी अक्षरे पांढऱ्या उजेडात विरून जात. माझे स्थान त्या बाकावर होते, कारण पहिल्या चाचणीत मला कमी गुण पडले होते आणि बाके गुणांच्या क्रमाने लावण्याची तेथे रीत होती. दिसत नाही म्हणून लिहिता येत नव्हते, लिहिता येत नाही म्हणून गुण कमी, आणि गुण कमी म्हणून बाक शेवटचे. हे चक्र दीड वर्ष फिरत राहिले. त्या काळात मी स्वतःला ‘ढ’ समजू लागलो होतो. दुःख त्याचेच वाटते. मार खाल्ल्याचे तितके वाटत नाही.

मग एका सत्रापुरते दुसरे गुरुजी आले. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाच्या चारही कोपऱ्यांत स्वतः बसून पाहिले. दुसऱ्या दिवशी फळा शेजारच्या भिंतीवर गेला, आणि बाके दर सोमवारी एकेक रांग पुढे सरकू लागली. एवढेच घडले. पण त्या सत्रात मी प्रथमच न विचारता हात वर केला. उत्तर चुकले होते. गुरुजी म्हणाले, “चुकले ते बरे झाले, आता सगळ्यांना कळेल की चूक कोठे होते.” त्या वाक्याने फळ्यावरची तिरीप जणू माझ्या डोक्यावरून उतरली.

वर्गाचे वातावरण म्हणजे काय, हे मला पुढे वाचलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या सरकणाऱ्या बाकांनी अधिक शिकविले.

पाठ फिरली की

वर्गाची खरी परीक्षा कोणती? गुरुजी समोर असताना सारेच वर्ग शांत असतात. गुरुजी काही कामासाठी बाहेर गेले की काय होते, ते पाहावे. एका वर्गात खडूचे तुकडे उडू लागतात. दुसऱ्यात दोन मुले फळ्याशी जाऊन अर्धवट राहिलेले गणित पुरे करू लागतात. मुले दोन्हीकडे तीच असतात. मग फरक कोठून आला?

अमेरिकेतील आयोवा येथे कुर्ट लेविन, रॉनल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुले मुखवटे वगैरे करावयास जमत. काही गटांचा म्होरक्या सारे हुकूम स्वतः सोडी, काहींचा म्होरक्या मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तर काहींचा नुसताच बसून राही. हुकमी गटात म्होरक्या समोर असेपर्यंत काम जोरात चाले. पण तो खोलीबाहेर गेला की ते झपाट्याने खाली येई. विचारविनिमयाच्या गटात तो बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसेच चालू राही. आणि नुसत्या बसून राहणाऱ्या म्होरक्याच्या गटात काम फारसे होतच नसे. म्हणजे धाक हे उत्तर नव्हे, तसेच मोकाट सोडणे हेही उत्तर नव्हे. ज्या कामात मुलाचे स्वतःचे मत मिसळलेले असते, ते काम पहाऱ्याविना चालते.

मग बक्षिसाने तरी मन लागते काय? आपण घरोघर म्हणतो, “पहिला आलास तर सायकल घेईन.” १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर फीत लावलेले मानपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर मानपत्राच्या बोलीने चित्रे काढलेली मुले इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ रंगांजवळ बसत होती. ज्यांना काही न सांगता मागाहून मानपत्र दिले, त्यांची आवड मात्र तशीच टिकली. आवडीच्या कामाला आधीच भाव लावला की त्याची मजुरी होते. कौतुक करू नये असे नव्हे. कौतुकाचा सौदा करू नये, एवढेच.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अशा अनेक प्रयोगांवरून तीन गरजा सांगितल्या. मुलाला काही गोष्टी स्वतः ठरवावयास मिळाव्यात, आपल्याला जमते असा अनुभव त्याला यावा, आणि वर्गात आपण कोणाचे तरी आहोत असे त्याला वाटावे. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे फार पूर्वी कोसबाडच्या टेकडीवर आचरणात आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ च्या सुमारास ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावी लागत. मग या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. लहानग्यांसाठी घराच्या अंगणातच बालवाडी भरविली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला मिळाला. शिंपले, बिया, पाने, माती हीच तिची साधने. मुलाला वर्गाच्या मापाने कापण्याऐवजी वर्गच मुलाच्या मापाने बेतला.

मुक्तांगणात

नव्या रायपुरात परत येऊ. उपरवाऱ्याजवळच ‘पुरखौती मुक्तांगण’ नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. पुरखौती म्हणजे पूर्वजांचे. २००६ साली तत्कालीन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बस्तर आणि सरगुजा येथील घरे, नृत्य करणाऱ्या आदिवासींच्या मानवाकृती प्रतिमा, राज्यातील प्रसिद्ध स्थळांच्या प्रतिकृती, असे सारे मोकळ्या आभाळाखाली मांडले आहे. शाळांच्या सहली येथे सतत येतात.

अशा सहलीतील मुलांकडे पाहणे हा एक निराळा पाठ असतो. मूठ, ढेकी, जाते, मासे पकडण्याची टोपली अशा वस्तू पाहून शहरातील मूल विचारते, “हे काय आहे?” खेड्यातील मूल म्हणते, “हे तर आमच्या घरी आहे!” वर्गात जे मूल एरवी गप्प असते, ते अशा ठिकाणी एकदम जाणकार होते आणि शहरी सोबत्याला ढेकीने भात कसा कांडतात ते समजावू लागते. त्याच्या घराला संग्रहालयात मान मिळालेला त्याने पाहिलेला असतो. सरगुजाच्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी आपल्या घराच्या भिंतींवर मातीच्या आकृती घडविल्या, कोणी शिकविलेले नसताना. पुढे त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. आपल्या घरची भिंत हीसुद्धा विद्या असू शकते, हे मुलाला कळणे ही लहान गोष्ट नाही.

हाच नियम भाषेला लागू आहे. घरी छत्तीसगडी बोलणारे मूल शाळेत हिंदीने बिचकते, आणि इंग्रजी माध्यमात तर मुकेच होते. राज्याने २००७ साली छत्तीसगडीस राजभाषेचा मान दिला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले. दुसरीकडे, त्याच २०२० साली राज्याने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी शाळा सुरू केल्या, आणि तेथे प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडाली. पालकांची आकांक्षाही खोटी नाही. परंतु इंग्रजी शिकविणाऱ्या गुरुजींनी मुलाचे छत्तीसगडी वाक्य हसण्यावारी न नेता आधी ऐकून घेतले, तरच ते मूल इंग्रजीचे धाडस करील. स्वतः आत्मानंदांचे बालपण या दृष्टीने बोधक आहे. वडील शिक्षक. ते प्रशिक्षणासाठी वर्ध्यास असताना या मुलास सेवाग्रामात गांधीजींचा सहवास लाभला. पुढे नागपुरात गणितात पदवी घेतलेल्या या संन्याशाने रायपुरात विवेकानंद आश्रम उभारला आणि १९८५ साली अबुझमाडच्या तोंडाशी नारायणपूर येथे आदिवासी मुलांसाठी कार्य सुरू केले.

शाळा बंद असताना

२०२० मध्ये महासाथीमुळे शाळांना कुलुपे लागली. एप्रिल महिन्यात राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, ही योजना काढली. दूरध्वनीवर धडे सुरू झाले. पण पुष्कळ घरी तसा दूरध्वनी नव्हता. मग गावोगावच्या शिक्षकांनी झाडाखाली, ओसरीवर, समाजमंदिरात मुले थोड्या-थोड्या संख्येने बसविली. कोठे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले. हे ‘पारा’ किंवा मोहल्ल्याचे वर्ग होते. पुढल्या वर्षी ‘अंगना म शिक्षा’ या नावाने मातांना घरच्या वस्तूंनी शिकविण्याचे धडे दिले गेले. भाजी निवडताना मोजणी, भांडी लावताना लहान-मोठे, रांगोळीत आकार.

शाळा बंद राहिल्याने मुलांचे नुकसान झाले, आणि ते थोडे नव्हते. ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्या दिवसांनी एक सत्य उघडे केले. भिंती गेल्या तेव्हा वर्गाचे जे उरले, तेच त्याचे मूळ होते : कोणीतरी मोठे माणूस वाट पाहत आहे, शेजारी सोबती बसला आहे, आणि आज काहीतरी जमणार आहे, हा भरवसा.

आपल्या घरचा वर्ग

वाचकहो, आपण शाळेच्या इमारती बांधू शकत नाही. पण काही गोष्टी आपल्या हाती आहेत. शाळेत गेलात तर गुणपत्रक पाहण्याआधी आपल्या मुलाच्या बाकावर क्षणभर बसून पाहा. फळा दिसतो काय, वारा लागतो काय, शेजारी कोण आहे? शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांना जागा आहे, ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिली आहे. त्याच कायद्याने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली आहे. ‘ढ’ म्हणणे हेही त्या छळातच मोडते, मग ते शाळेत म्हटलेले असो वा घरात. घरी अभ्यासासाठी वेगळी खोली नसेल तर नसू दे. उजेडाकडे तोंड असलेला एक कोपरा आणि जवळ बसलेले एक माणूस पुरे आहे. दोनपैकी कोणता अभ्यास आधी, एवढे तरी त्याला ठरवू द्यावे. आणि संध्याकाळी “किती गुण मिळाले?” याऐवजी “आज काय विचारलेस?” असे विचारून पाहावे. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. आठव्या दिवशी येईल.

सायंकाळ होत आली की नव्या रायपुराच्या रुंद रस्त्यांवर दिवे लागतात. महानदी भवनातील माणसे बसगाड्यांनी जुन्या शहराकडे परततात, आणि गावाकडल्या वाटेने गुरे घरी येतात. दोन्ही वाटा काही अंतर जवळून जातात. शाळेचे फाटक बंद असते. पण ओसरीच्या फरशीवर कोणीतरी खडूने आखलेले चौकोन दिसतात, आणि दोन मुली त्यांत उभ्या राहून एकमेकींना पाढे विचारीत असतात. चुकले की हसतात आणि पुन्हा सुरुवात करतात.

गुरुजी केव्हाच घरी गेलेले असतात.